एमबीबीएच्या सेलमधले पट्टे: कडेला दिसतात, मधोमध का नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी आयटीओ काचांचा (वीज वाहणारा पारदर्शक थर असलेल्या काचांचा) सेल केला: दोन काचांत अंतर ठेवायला २५ मायक्रॉनचा मायलर स्पेसर, रेणूंना दिशा द्यायला काचांवर पीव्हीए या पॉलिमरचा घासलेला थर, आत एमबीबीए हा द्रव-स्फटिक (लिक्विड क्रिस्टल). फंक्शन जनरेटर थेट जोडून २० व्होल्टपर्यंत नेला. ६० हर्ट्झला गोंदाच्या कडेला अंधुक पट्टे येतात, मधोमध काही नाही. ३०० हर्ट्झला कुठेच काही नाही. दोन आठवड्यांनी तोच सेल लावला तर ६० हर्ट्झला मध्यभागीही पट्टे आले, तेही कमी व्होल्टेजला. फोटोत पट्ट्यांमधलं अंतर २५ मायक्रॉनच्या आसपास भरतं, पुस्तकात मात्र ते जाडीच्या दुप्पट दिलंय. निरीक्षण क्रॉस्ड, म्हणजे एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या पोलरायझर्समध्ये केलंय. चूक कुठे आहे?

सेल बहुधा ठीक आहे. या प्रयोगात सगळे व्होल्टेजकडे बघत बसतात, पण थ्रेशोल्ड, म्हणजे पट्टे सुरू व्हायला लागणारं किमान व्होल्टेज, ठरवते ती द्रवाची विद्युतवाहकता, म्हणजे त्यातले मूठभर आयन. तुमच्या प्रश्नातल्या बहुतेक तक्रारी तिथेच जाऊन मिळतात. त्याआधी दोन साध्या गोष्टी निकाली काढू.

पहिली गोष्ट जनरेटरवरचा आकडा. बहुतेक फंक्शन जनरेटर शिखरापासून शिखरापर्यंतचं व्होल्टेज दाखवतात. साइन लहरीचे २० व्होल्ट शिखर-ते-शिखर म्हणजे आरएमएस (परिणामी सरासरी मूल्य) फक्त ७.०७ व्होल्ट. एमबीबीएमध्ये कमी फ्रीक्वेन्सीला पट्टे सुरू व्हायला साधारण ५ ते ८ व्होल्ट आरएमएस लागतात. म्हणजे जनरेटर त्याच्या शेवटच्या टोकाला असताना तुम्ही थ्रेशोल्डच्या दाराशी उभे होतात. त्यात जनरेटरचं आउटपुट ‘५० ओहम लोड’वर सेट आहे की ‘हाय-झी’वर (मोठ्या रोधाच्या लोडसाठी), हेही बघा. ५० ओहमच्या सेटिंगवर सेल जोडला तर पडद्यावर दिसतो त्याच्या दुप्पट व्होल्टेज सेलवर पडतो. म्हणून सेलच्या टोकांवर ट्रू-आरएमएस मल्टिमीटर किंवा ऑसिलोस्कोप लावून मोजा आणि वहीत नेहमी आरएमएसच लिहा. पुढे जायचं तर दहापट किंवा वीसपट वाढवणारा अॅम्प्लिफायर लागेलच.

दुसरी गोष्ट क्रॉस्ड पोलरायझर्सची. या पट्ट्यांमध्ये सुरुवातीला डायरेक्टर, म्हणजे रेणूंची सरासरी दिशा, काचेच्या प्रतलातून वर-खाली झुकते. बाजूला वळत नाही. त्यामुळे घासण्याची दिशा एखाद्या पोलरायझरला समांतर असेल तर पट्टे आले तरी क्षेत्र काळंच राहतं. ४५ अंशांवर ठेवलं तर रंगांचे बदल दिसतात, पण त्यातून मोजमाप करणं अवघड. योग्य रीत सोपी आहे: अॅनलायझर, म्हणजे सेलच्या वरचा पोलरायझर, काढून टाका, खालचा एकच ठेवा आणि तो घासण्याच्या दिशेला समांतर करा. मायक्रोस्कोपच्या कंडेन्सरचं (प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाचं) छिद्र लहान करा म्हणजे प्रकाश जवळपास समांतर येईल. ४ किंवा १० पट ऑब्जेक्टिव्ह पुरेसं आहे. आता झुकलेले रेणू भिंगासारखं काम करतात आणि उजळ रेघा पडतात. यालाच शॅडोग्राफ म्हणतात. खात्री करायची असेल तर पोलरायझर ९० अंश फिरवा. खरे रोल, म्हणजे पट्टे घडवणारे द्रवाचे फिरते लोट, असतील तर पट्टे जवळपास नाहीसे होतात. तरीही तसेच दिसत राहिले तर ते ओरखडे किंवा घाण आहे, किंवा डायरेक्टर आधीच बाजूला वळलेला आहे.

पट्ट्यांमधल्या अंतराचं कोडंही इथेच सुटतं. रोलच्या रांगेत शेजारशेजारचे दोन रोल उलट दिशांनी फिरतात आणि ती जोडी म्हणजे एक तरंगलांबी. कमी फ्रीक्वेन्सीला प्रत्येक रोलची रुंदी सेलच्या जाडीएवढी असते, म्हणून तरंगलांबी जाडीच्या दुप्पट. पण उजळ रेघा एकाच पातळीवर फोकस होत नाहीत. मायक्रोस्कोपचा फोकस वर-खाली केला की एका ठिकाणी रेघा दूरदूर दिसतात आणि दुसऱ्या ठिकाणी त्यांच्या मधोमध आणखी रेघा उगवतात. तुम्ही दुसऱ्या ठिकाणी फोटो काढलाय. फोकस सावकाश फिरवत जा आणि सगळ्यात मोठं पुनरावर्तन मोजा. शंका उरली तर दोनतीन मायक्रॉनचा धुळीचा कण शोधा, असा एखादा कण असतोच. तो एका रोलमध्ये वर येतो, बाजूला सरकतो, खाली बुडतो. वर आला की फोकसमध्ये, खाली गेला की धूसर. त्याच्या फेऱ्यांची रुंदी म्हणजे रोलची रुंदी. आणि जाडी २५ मायक्रॉन आहे हे गृहीत धरू नका. मायलर आणि गोंद मिळून ती सहज २८-३० होते. रिकामा सेल स्पेक्ट्रोमीटरमध्ये धरून ५०० ते ६०० नॅनोमीटरच्या मध्ये किती इंटरफेरन्स फ्रिंज येतात ते मोजा. प्रत्येक फ्रिंजमागे जाडी १.५ मायक्रॉन. १७ फ्रिंज आल्या तर २५.५ मायक्रॉन. स्पेक्ट्रोमीटर नसेल तर रिकाम्या सेलची कपॅसिटन्स मोजा: १ चौरस सेंटिमीटर इलेक्ट्रोड आणि २५ मायक्रॉन जाडीला ती साधारण ३५ पिकोफॅरड यायला हवी.

आता मूळ मुद्दा. पट्टे का येतात हे नीट कळलं की कडेचं गूढ उरत नाही. एमबीबीएचे रेणू विद्युतक्षेत्राला आडवे राहू पाहतात, कारण त्याची डायलेक्ट्रिक असमता (रेणूंच्या लांबीच्या आणि आडव्या दिशेच्या डायलेक्ट्रिक स्थिरांकांतला फरक) ऋण आहे, साधारण उणे ०.५. म्हणजे समांतर बसवलेल्या सेलमध्ये क्षेत्र उभं लावलं तर खरं तर काहीच व्हायला नको; क्षेत्र उलट रेणूंना जागच्या जागी दाबून धरतं. पण आयन मात्र रेणूंच्या लांबीच्या दिशेने जास्त सहज सरकतात, आडव्या दिशेच्या सुमारे दीडपट. समजा उष्णतेच्या हेलकाव्याने डायरेक्टर जरासा लाटेसारखा वाकला. मग उभा लावलेला प्रवाह तिरका जातो आणि लाटेच्या एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला ऋण भार साठतो. क्षेत्र या भारांना वर-खाली ओढतं, द्रव फिरू लागतो आणि फिरणारा द्रव डायरेक्टरला आणखी वाकवतो. लवचिकता आणि डायलेक्ट्रिक बल विरोध करतात. जिथे फिरणाऱ्या द्रवाचा जोर त्यांच्यावर मात करतो, तिथे थ्रेशोल्ड. कार आणि हेलफ्रिख यांच्या नावाने ओळखली जाणारी ही यंत्रणा १९६९ पर्यंत मांडून झाली होती. पट्टे स्वतः रिचर्ड विल्यम्स यांनी आरसीए या अमेरिकी कंपनीत १९६३ साली नोंदवले होते.

एसी लावला तर काय होतं? क्षेत्राची दिशा उलटली की साठलेले भारही उलटतात, पण त्यासाठी वेळ लागतो. भार वेळेत उलटले तर क्षेत्र गुणिले भार हा गुणाकार दोन्ही अर्ध-आवर्तनांत एकाच दिशेचा राहतो आणि द्रव एकाच दिशेने फिरत राहतो. वेळेत उलटले नाहीत तर ही यंत्रणा कोलमडते. भार उलटण्याचा वेळ वाहकतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून एक कटऑफ फ्रीक्वेन्सी असते, जिच्या वर ही यंत्रणा चालत नाही, आणि ती वाहकतेच्या सरळ प्रमाणात चालते. एमबीबीएची वाहकता १० नॅनोसीमेन्स प्रति मीटर असेल तर कटऑफ ५० ते ८० हर्ट्झच्या घरात. १०० असेल तर ५०० ते ८०० हर्ट्झ. चांगल्या शुद्ध, ताज्या एमबीबीएची वाहकता पहिल्या आकड्याच्याही खाली असू शकते. शुद्ध माल मिळाला म्हणून आनंदाने भरलेला सेल सर्वांत हट्टी निघतो तो यामुळे.

कटऑफजवळ थ्रेशोल्ड कसा चढतो याचा अंदाज हवा म्हणून आकडे देतो. एमबीबीएसाठी चालणारा साधा एकमितीय सिद्धांत घेतला तर कटऑफच्या निम्म्या फ्रीक्वेन्सीला थ्रेशोल्ड शून्य-फ्रीक्वेन्सीच्या सुमारे १.४ पट, आणि ८० टक्क्यांना सुमारे अडीच पट. शून्याकडच्या थ्रेशोल्डवर वाहकतेच्या आकड्याचा फारसा परिणाम नसतो, तिथे दोन दिशांच्या वाहकतांचं गुणोत्तर बोलतं. वाहकतेचा आकडा सगळी वक्ररेषा डावी-उजवीकडे ताणतो, एवढंच.

आता तुमचा सेल या नजरेने बघा. मध्यभागातला द्रव कमी वाहक, त्याची कटऑफ ६० हर्ट्झच्या आसपास; तिथे ७ व्होल्ट पुरणारच नाहीत. कडेला गोंद आहे. इपॉक्सी पूर्ण जमण्याआधी द्रवाला टेकला की त्यातले आयन झिरपतात. कडेची वाहकता वाढते, कटऑफ वर सरकते आणि तेच ७ व्होल्ट तिथे थ्रेशोल्डच्या पलीकडे जातात. जाडी कमी-जास्त असेल म्हणून कडेला आधी येत असतील, अशी शंका सगळ्यांना येते, पण ती इथे लागू नाही: कटऑफच्या खालच्या या राजवटीत थ्रेशोल्ड व्होल्टेजमध्ये ठरतो, जाडीवर अवलंबून नसतो. पाचरीसारख्या सेलमध्ये पट्टे जवळपास एकाच व्होल्टेजला सगळीकडे येतात. फक्त रुंदी बदलत जाते. एका कोपऱ्यातून सुरुवात झाली तर आधी आयन, मग तापमान, मग घासणी, या क्रमाने संशय घ्या.

दोन आठवड्यांनी मध्यभागीही पट्टे आले ते कशामुळे? एमबीबीए हा शिफ बेस आहे. पाणी लागलं की तो फुटून अॅल्डिहाइड आणि अॅनिलीन होतो. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत बाटली पाच मिनिटं उघडी राहिली तरी ते पुरतं. वाहकता वाढते, नेमॅटिक (रेणू एका दिशेने राहतात ती द्रव-स्फटिकाची अवस्था) ते साधा द्रव होण्याचं तापमान, म्हणजे क्लिअरिंग पॉइंट, उतरतं. चांगल्या एमबीबीएचा क्लिअरिंग पॉइंट ४५ अंशांच्या आसपास असतो. तुमच्या सेलचा मोजून बघा. ४० च्या खाली असेल तर तो माल प्रयोगासाठी संपला. त्यावरचे आकडे लिहू नका. नवीन बाटली आली की ती लगेच दोन-दोन मिलिलिटरच्या गडद कुप्यांमध्ये, कोरड्या नायट्रोजनखाली किंवा निदान सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये वाटून ठेवा. एका वेळी एकच कुपी उघडायची. हातमोजे घाला, रसायन त्वचेला त्रासदायक आहे. आणि विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पंख्याखालच्या प्रयोगशाळेत ४० अंश असतात हे विसरू नका. क्लिअरिंग पॉइंटच्या इतक्या जवळ लवचिकता आणि असमता दोन्ही घसरलेल्या असतात आणि थ्रेशोल्ड तासातासाला बदलतो.

पुढचा सेल करताना वाहकता नशिबावर सोडू नका, मुद्दाम घाला. रूढ मीठ म्हणजे टेट्राब्यूटिल अमोनियम ब्रोमाइड, वजनाने ०.०१ टक्का किंवा आसपास. एक ग्रॅम एमबीबीएला हे ०.१ मिलिग्रॅम होतं, साध्या तराजूवर तोलता येणार नाही. म्हणून १० मिलिग्रॅम मीठ १० मिलिलिटर कोरड्या डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवा आणि त्यातलं ०.१ मिलिलिटर मायक्रोपिपेटने एक ग्रॅम एमबीबीएमध्ये घाला. अल्कोहोल वापरण्याचा मोह टाळा, त्यात पाणी येतंच. मग झाकण सैल ठेवून व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये हलक्या उबेवर काही तास. द्रावक उरला तर क्लिअरिंग पॉइंट खाली आलेला दिसतो, तीच त्याची परीक्षा. हे मीठ ओलावा ओढतं, म्हणून तेही वापरण्याआधी वाळवा.

वाहकता मोजायला महागडं यंत्र नको. सेलला १०० किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावा, १ व्होल्ट आरएमएस १०० हर्ट्झला द्या, म्हणजे थ्रेशोल्डच्या पुष्कळ खाली. ऑसिलोस्कोपच्या एका चॅनेलवर पुरवठा, दुसऱ्यावर रेझिस्टरवरचं व्होल्टेज. १ चौरस सेंटिमीटरच्या २५ मायक्रॉन सेलचा रोध १०० नॅनोसीमेन्स प्रति मीटरला २.५ मेगाओहम होतो, म्हणजे रेझिस्टरवर सुमारे ४० मिलिव्होल्ट. पण सेल कपॅसिटरही आहे: भरलेल्या स्थितीत सुमारे १८५ पिकोफॅरड. म्हणून नुसती उंची वाचू नका. पुरवठ्याच्या फेजमधला भाग रोधाचा आणि ९० अंश पुढे असलेला भाग कपॅसिटन्सचा. वाहकता १० नॅनोसीमेन्स असेल तर १०० हर्ट्झला कपॅसिटन्सचा भाग रोधाच्या जवळपास तिप्पट असतो आणि फेज न बघणारा माणूस वाहकता तिप्पट लिहून मोकळा होतो. हे मोजमाप सेल भरल्याबरोबर, रोज प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतर करा. वाहकतेचा आकडा शेजारी नसलेला थ्रेशोल्ड वहीत लिहिणं म्हणजे कागद वाया घालवणं.

सेलच्या बांधणीत जिथे घोळ होतो ते एवढंच. काचा साबणपाणी, डीआय (आयन काढलेलं) पाणी, अॅसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल या क्रमाने अल्ट्रासॉनिकमध्ये दहा-दहा मिनिटं, मग १२० अंशांवर वाळवून. पीव्हीए स्वस्त आणि सोयीचा आहे, पण बाजारातल्या पीव्हीएमध्ये सोडियम अॅसिटेट उरलेलं असतं. तो आयनांचा दुसरा झरा, आणि तो ओलावाही धरून ठेवतो. परवडत असेल तर पॉलिइमाइड वापरा. पीव्हीएच वापरायचा असेल तर अर्धा टक्का द्रावण, ३००० फेऱ्यांना ३० सेकंद स्पिन आणि ११०-१२० अंशांवर तासभर. थर जाड करण्यात शहाणपण नाही. १०० नॅनोमीटरचे दोन इन्सुलेटर थर सिरीजमधल्या कपॅसिटरसारखे बसतात, वरच्या २.५ मेगाओहमच्या सेलमध्ये १० हर्ट्झला दहाएक टक्के व्होल्टेज त्यातच जातं, २ हर्ट्झला तर निम्म्याहून कमी व्होल्टेज द्रवापर्यंत पोचतं. मग ‘फ्रीक्वेन्सी कमी केली तर थ्रेशोल्ड पुन्हा वाढतो’ असा शोध लागतो. तो द्रवाचा गुण नाही, थराचा आहे. मखमलीवर घासताना एकाच दिशेने हलक्या हाताने चार-पाच वेळा, आणि दोन्ही काचा जोडताना घासण्याच्या दिशा उलट-समांतर ठेवा. गोंद पूर्ण जमू द्या: यूव्ही गोंद असेल तर पुरेसा प्रकाश द्या, इपॉक्सी असेल तर रात्रभर ठेवून वर ६० अंशांवर दोनेक तास. भरताना सेल आणि द्रव दोन्ही ५०-५५ अंशांवर ठेवून केशाकर्षणाने भरा आणि सावकाश थंड करा. नेमॅटिक अवस्थेत भरलं तर प्रवाहाच्या दिशेच्या रेषा कायमच्या राहतात आणि पुढे पट्टे त्यांनाच चिकटतात. निरीक्षण नेहमी इलेक्ट्रोडच्या मधल्या भागात, गोंदापासून निदान दोन-तीन मिलिमीटर आत.

अॅम्प्लिफायर लावल्यावर डीसी ऑफसेट तपासा. अर्धा व्होल्ट डीसीही काही तासांत आयनांना इलेक्ट्रोडवर नेऊन बसवतो, द्रव पिवळट-तपकिरी होतो आणि एमबीबीएचा नाश इलेक्ट्रोडवरच्या रासायनिक क्रियेने होतो. १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर सिरीजमध्ये आणि सेलला समांतर १०० किलोओहम लावला की डीसी थांबतो. या जोडीची स्वतःची मर्यादा सुमारे १.६ हर्ट्झ, म्हणजे १० हर्ट्झच्या वर बिनधास्त. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर इथे चालत नाही. डीसी लावून पट्टे काढण्याच्या नादी तर लागूच नका. तिथे इलेक्ट्रोडमधून होणारं भारांचं इंजेक्शन, फ्लेक्सोइलेक्ट्रिसिटी (डायरेक्टर वाकल्याने होणारं विद्युत ध्रुवीकरण) आणि रासायनिक नासाडी हे सगळं एकदमच मिसळतं. तापमान मात्र अर्ध्या अंशाच्या आत तरी धराच, जमल्यास ०.१. वाहकता अंशामागे काही टक्के बदलते आणि कटऑफ तिच्याबरोबर सरकते. द्रव तापण्याची भीती नको: ४० व्होल्टलाही वरच्या सेलमध्ये एक मिलिवॉटपेक्षा कमी उष्णता होते. मायक्रोस्कोपचा दिवा त्यापेक्षा जास्त तापवतो. मध्ये उष्णता रोखणारा फिल्टर ठेवा.

थ्रेशोल्ड मोजताना घाई हा मोठा शत्रू. २५ मायक्रॉनच्या एमबीबीए सेलमध्ये डायरेक्टर सैल पडण्याचा वेळ सुमारे एक सेकंद आहे आणि तो जाडीच्या वर्गाने वाढतो: ५० मायक्रॉनला चार सेकंद. पण थ्रेशोल्डजवळ पट्टे वाढायला लागणारा वेळ याहून कितीतरी जास्त. थ्रेशोल्डच्या एक टक्का वर असाल तर तो मूळ वेळेच्या पन्नास-शंभर पटीत जातो. म्हणून ०.०५ व्होल्टच्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर निदान दोन-तीन मिनिटं. घाईने चढ-उतार केला तर जाताना एक आणि येताना दुसरा थ्रेशोल्ड मिळतो आणि हिस्टेरेसिस सापडल्याचा भास होतो. डोळ्यांवरही विसंबू नका. प्रत्येक फोटोतून व्होल्टेज नसतानाचा फोटो वजा करा, उजेडातल्या चढ-उताराचा वर्ग काढा आणि तो व्होल्टेजच्या वर्गापुढे मांडा. थ्रेशोल्डच्या वर सरळ रेषा येते. ती मागे वाढवून शून्याला जिथे भेटते तो थ्रेशोल्ड. अगदी खालचे एक-दोन बिंदू रेषेवरून वर उचललेले दिसतील. ते उष्णतेचे हेलकावे आणि कॅमेऱ्याचा गोंगाट, त्यांना रेषेत धरू नका.

थ्रेशोल्डच्या वर काय दिसेल? खूप कमी फ्रीक्वेन्सीला पट्टे घासण्याच्या दिशेला काटकोनात न येता थोडे तिरके येतात, डावे आणि उजवे दोन्ही, आणि मिळून नागमोडी दिसतात. ठरावीक फ्रीक्वेन्सीच्या वर ते सरळ होतात. ही सीमा कुठे आहे ते नोंदणं हा छोट्या प्रकल्पासाठी चांगला विषय आहे, कारण तो थ्रेशोल्डपेक्षाही फ्लेक्सोइलेक्ट्रिक गुणांकांबद्दल जास्त सांगतो. थोडं वर गेलं की पट्ट्यांच्या रांगेत एखादी ओळ मध्येच संपलेली दिसते. असे दोष जोडीने जन्मतात, सरकतात, एकमेकांना भेटून मिटतात. इथे पुन्हा क्रॉस्ड पोलरायझर्स लावून बघा. आधी काळं असलेलं क्षेत्र आता उजळलं तर डायरेक्टर बाजूलाही वळायला लागला आहे, एका पोलरायझरने हे इतकं स्पष्ट कळलं नसतं. आणखी वर जाळीदार नक्षी आणि शेवटी खळबळ. उष्णतेने होणाऱ्या संवहनात हीच गोष्ट बघायला थर मिलिमीटरचा आणि वाट मिनिटांची ते तासांची; इथे सेंटिमीटरभर सेलमध्ये शेकडो रोल आणि उत्तर काही सेकंदांत. नक्षींचा अभ्यास करणाऱ्यांनी नेमॅटिक उचलला तो या सोयीसाठी.

खळबळीचेही दोन प्रकार आहेत, डीएसएम-१ आणि डीएसएम-२ (डीएसएम म्हणजे डायनॅमिक स्कॅटरिंग मोड). पहिल्यात द्रव उकळल्यासारखा पण मूळ दिशेची आठवण राखून असतो. व्होल्टेज आणखी वाढवलं की त्यात कुठेतरी अधिक गडद डाग जन्मतो आणि पसरतो. त्यात डायरेक्टरचे धाग्यासारखे दोष गच्च भरलेले असतात. ताकेउची, कुरोदा, शाते आणि सानो यांनी २००७ मध्ये सुमारे १२ मायक्रॉनच्या एमबीबीए सेलमध्ये दाखवलं की या दोन अवस्थांमधला बदल ‘डायरेक्टेड पर्कोलेशन’ (शेजाऱ्याकडे पसरणाऱ्या किंवा कायमच्या विझणाऱ्या प्रक्रियांचा) या वर्गात बसतो. सिद्धांतात अनेक वर्षं फिरत असलेल्या या वर्गाचा तो पहिला भक्कम प्रायोगिक पुरावा मानला जातो. आरसीएत हाइलमायर यांच्या गटाने १९६८ साली जो पहिला एलसीडी पडदा जाहीर केला तोही याच खळबळीवर चालणारा. १९७३ मध्ये शार्पच्या ईएल-८०५ कॅल्क्युलेटरमध्ये तेच तंत्र होतं. नंतर ट्विस्टेड नेमॅटिकने (रेणूंची दिशा पिळून आणि क्षेत्राने ती बदलून चालणाऱ्या एलसीडीने) त्याला बाजूला सारलं, कारण खळबळीला प्रवाह लागतो आणि प्रवाहाने द्रव झिजतो. तुमच्या सेललाही तो नियम लागू आहे: डीएसएम-२ मध्ये तासन्‌तास ठेवू नका.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहिली: ३०० हर्ट्झ. मीठ घालून वाहकता १०० नॅनोसीमेन्सच्या आसपास नेली आणि अॅम्प्लिफायर लावला की तिथेही रुंद पट्टे येतील. पण वाहकता न वाढवता केवळ व्होल्टेज वाढवत गेलात तर वेगळंच काही दिसेल. कटऑफच्या वर आता भार जागच्या जागी राहतात आणि डायरेक्टर क्षेत्राबरोबर झुलतो. ही डायलेक्ट्रिक राजवट. इथले पट्टे फक्त काही मायक्रॉन अंतराचे असतात, सेलच्या जाडीशी त्यांचा संबंध नसतो आणि फ्रीक्वेन्सी वाढवली तर आणखी बारीक होतात. १० पट ऑब्जेक्टिव्हखाली ते नुसतं धुकं वाटतं; २० किंवा ४० पट लावा. थोडं वर गेलं की त्यांच्या ओळी आळीपाळीने डावी-उजवीकडे कलतात आणि माशाच्या काट्यासारखी नक्षी होते. या राजवटीत थ्रेशोल्ड व्होल्टेजचा नसून क्षेत्राचा असतो, फ्रीक्वेन्सीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढणारा. म्हणून इथे जाडी नीट मोजलेली असणं अटळ आहे, आणि आलेखावर व्होल्टच्या जागी व्होल्ट प्रति मायक्रॉन लिहा. शंभरच्या घरात आरएमएस व्होल्टेज लागू शकतो, तेव्हा आयटीओ काचेच्या अगदी कडेपर्यंत पसरलेला असेल तर तिथे ठिणगी पडते. झिंक पावडर आणि विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाने कडेचा दोन मिलिमीटर आयटीओ आधीच काढून टाका.